निअँडरथल आणि तळणीचे मोदक

तुमच्या मुलांचा मराठी वर्ग बंद पडला तर दोष कुणाला द्याल, ऑस्ट्रेलियाला?

मीही तेच करायचे. सिडनीतल्या क्वेकर्स हिलच्या रविवारच्या मराठी वर्गात मी शिकवते. बाबा पुण्यात विज्ञानाची पत्रकं वाटायचे. त्या पत्रकांच्याच कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली, त्यामुळे शिकवता शिकवता भाषण ठोकायची मला सवय. त्या रविवारी वर्गात पाचच मुलं होती. टर्म संपेपर्यंत दहा झाली नाहीत तर भाड्याचा हॉल सोडून वर्ग बंद करायचा, असं पालकांनी ठरवलं होतं. त्या रागात मी म्हणाले, "हिमयुगातली निअँडरथल माणसं मठ्ठ होती, म्हणून संपली. भाषा सोडली तर आपलंही तेच होणार!"

नऊ वर्षांच्या एका मुलीने हात वर केला. शाळेत तिचा त्यावरच प्रोजेक्ट चालू होता. "ताई, दॅट्स नॉट ट्रू. दे वेअर स्मार्ट."

"मराठीत सांग," मी म्हटलं. तेवढाच मला विचार करायला वेळ.

तिने अडखळत सांगितलं. ते कडाक्याच्या थंडीत राहायचे. आग पेटवायचे, कातडी घासून अंगावर घ्यायचे, मोठे प्राणी मारायचे. जखमी माणसाला टाकून नाही द्यायचे.

"मग गेले का?" शेजारच्या मुलाने विचारलं.

"शुअर कुणालाच नाही. पण ते खूप कमी होते. छोटे छोटे ग्रुप, लांब लांब. एकमेकांना भेटायचेच नाहीत."

"केलीव्हिलच्या क्लाससारखे?"

मुलं हसली. मला हसू आलं नाही.

केलीव्हिलचा वर्ग आमच्यातूनच फुटलेला. गणपतीला मोदक उकडीचे की तळणीचे, यावरून. तळणीचेवाले निघून गेले. गाडीने जेमतेम पंधरा मिनिटं, पण तीन वर्षांत कुणी तिकडे फिरकलं नव्हतं. उकडीच्या बाजूचं खरमरीत पत्रक मीच लिहिलं होतं.

शनिवारी मी तिकडचा वर्ग चालवणाऱ्या काकूंच्या दारात उभी राहिले.

"काय गं, नवीन पत्रक आणलंस?"

"नाही काकू. जुन्याची माफी मागायला आले. तुमच्याकडे मुलं किती?"

"पुष्कळ." मग चहा गाळताना हळूच म्हणाल्या, "सहा. त्यातली दोन माझीच नातवंडं."

"आमच्याकडे पाच."

"म्हणजे अकरा." त्यांनी कप पुढे सरकवला. "पण मोदक तळणीचेच हं."

"दोन्ही करू."

"उकडीचे येतात तरी का तुला?"

"नाही."

"आणि पत्रकं काढतेस!"

त्या मुलीने नंतर आणखी एक गोष्ट सांगितली. निअँडरथल पुरते गेलेच नाहीत. बाहेरून आलेल्या माणसांशी त्यांची गाठ पडली, मुलंबाळं झाली, आणि त्यांचा थोडासा अंश आजही आपल्या अंगात आहे. माझ्या, आणि काकूंच्याही.

आता अकरा मुलं एका हॉलमध्ये बसतात. तुमच्याही जवळपास असा फुटून निघालेला वर्ग असेल. या रविवारी मुलांना गाडीत बसवा आणि त्यांच्या दारात जाऊन उभे राहा. पत्रक नेऊ नका, डबा न्या.