मुठीतला गाळ

सांगोल्याकडच्या त्या वाडीत केराबाईचं नाव काढलं की लोक आधी सांगतात, तिनं सख्ख्या दिराचा हात मोडला. खरं आहे. कुऱ्हाडीच्या दांड्यानं मोडला, विहिरीच्या काठावर, दिवसाढवळ्या. का मोडला, ते मात्र कुणी धड सांगत नाही.

केराबाईचं लग्न मामाच्या मुलाशी झालं. पोरं दोन, मल्हार आणि दिपाली, दोघंही जन्मापासून ठार बहिरी. चालायला लागली तीही दोन वर्षं उलटल्यावर, आणि अंधारात भिंत धरल्याशिवाय पाऊल टाकायची नाहीत. घरादारानं त्यांना वेंधळी ठरवून टाकलं होतं.

मल्हार आठ वर्षांचा झाला तसा दीर बिरुदेव त्याला पोहायला शिकवू लागला. पाठीला डबा बांधून आठ दिवस पोरगं छान तरंगलं. नवव्या दिवशी डबा सोडला आणि सगळ्यांच्या पोरांना ढकलतात तसं काठावरून ढकललं. ते वर आलंच नाही. बिरुदेवला ते तिसऱ्या बुडीत सापडलं, तळाशी. दोन्ही मुठी गाळानं भरलेल्या, नखं उलटलेली. विहिरीतल्या आसरांनी, पाण्यातल्या देवतांनी ओढलं, म्हणत लोकांनी काठावर हिरवा खण आणि नारळ ठेवला. केराबाईनंही ठेवला.

दोन वर्षांनी दिपालीच्या कानाच्या मशीनसाठी ती सोलापूरला गेली. डॉक्टरीणबाईंनी पोरीला मऊ गादीवर उभं करून डोळ्यांवर फडकं बांधलं. पोरगी धाडकन आडवी झाली.

"शरीराचा तोलही कानातूनच सांभाळला जातो," बाई म्हणाल्या. "हिचा तो जन्मापासून नाही. घराण्यातून येतं हे. नजरेवर सावरते बिचारी. गढूळ पाण्यात वर कुठं नि खाली कुठं, हिला कळणार नाही."

"मग काय करंल ती?"

"जीव तोडून हातपाय मारेल. पण खालीच जाईल कदाचित."

केराबाईला गाळानं भरलेल्या मुठी दिसल्या. तिनं दिपालीच्या डोळ्यांवरचं फडकं ओढून काढलं.

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं. बिरुदेवला पटलं नाही. "मल्हारला पवाय येत न्हवतं म्हणून गेला की, वहिनी. ही तरी वाचू दे."

रविवारी ती लाकडं फोडत होती आणि पोरगी घरात नव्हती. कुऱ्हाड हातात तशीच घेऊन ती विहिरीकडे धावली. बिरुदेव दिपालीला काठावर उभी करून तिच्या पाठीचा डबा सोडत होता. तिनं कुऱ्हाड उलटी धरली. दांड्याचा पहिला घाव त्याच्या दंडावर बसला, हाड मोडल्याचा आवाज झाला. दुसरा पाठीवर. तिनं पोरीला मागं भिरकावलं आणि तिसरा घातला. बिरुदेव गुडघ्यांवर आला, त्याच्या तोंडातून रक्त आलं.

"वहिनी, मी काय मारायला निगालो न्हवतो," तो रडत म्हणाला.

ते तिला माहीत होतं. मल्हार त्या नवव्या दिवशी आपण होऊन काकाकडे गेला नव्हता. त्यानं आईचा पदर घट्ट धरला होता, आणि ती मूठ केराबाईनंच, हसत हसत, एकेक बोट करून सोडवली होती. तिनं दांडा पुन्हा उचलला.