इनासकाकांची परतीची वेळ

शुक्रवारी, म्हणजे आखातातल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी इनासकाकांच्या घरी कुणी गेलं, तर ते टेलिफोनशेजारी खुर्ची टाकून बसलेले दिसायचे. अंघोळ झालेली, अंगात इस्त्रीचा शर्ट, चष्मा कपाळावर. बघणाऱ्याला वाटे, हे आता कुठेतरी निघणार. पण काका कुठेही जात नसत. गेलेले असायचे दुसरेच. कुणी कल्ब्याला गळ टाकायला, कुणी हत्ताच्या डोंगरात तंबू ठोकायला, कुणी उम अल कुवेनच्या खाडीत होडी वल्हवायला. त्या सगळ्यांची नावं, जागा आणि परतीची वेळ लिहिलेल्या चिठ्ठ्या काकांच्या फ्रिजला लावलेल्या असत. फोनवर "आलो, काका" ऐकू आलं की काका "बरं, जेवून घे" म्हणायचे आणि त्याची चिठ्ठी काढायचे. शेवटची चिठ्ठी निघाल्यावर स्वतः जेवायचे.

काका मूळचे वसईचे, ख्रिस्ती. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते. तिथे साधा नट बाहेर गेला तरी स्लिप लागायची, कुणी नेला आणि कधी परत आणणार याची. "आणि माणूस असाच सोडायचा? माणूस काय नटापेक्षा स्वस्त आहे?" असं ते विचारायचे. गुरुवारी संध्याकाळीच चर्चमधली प्रार्थना, म्हणजे मास, उरकून घ्यायचे, म्हणजे शुक्रवार फोनसाठी मोकळा.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही त्यांच्याच बिल्डिंगमध्ये राहायला आलो. नोकरी दुबईत, त्यामुळे रोज जाऊन-येऊन तीन तास ट्रॅफिकमध्ये बसायचं आणि सुट्टीच्या दिवशी झोपायचं, हा माझा जीवनक्रम. एकदा पार्किंगमध्ये एक पिवळी फायबरची होडी उलटी घातलेली दिसली. लांबट, एका माणसापुरती. शेजारी एक पन्नाशी उलटलेला माणूस फडकं घेऊन ती पुसत होता. मी मराठीतून बायकोशी काहीतरी बोललो, ते त्यांनी ऐकलं.

"बसणार?" त्यांनी विचारलं.

"मला पोहता येत नाही."

"मग आधी पोहायला शीक. मग ये. यल्ला, चल."

पुण्याच्या माणसाला असं उत्तर देण्याचा मक्ता आपलाच आहे असं वाटत असतं. मला ते झोंबलं. दोन महिने मी एका हॉटेलच्या तलावात पाणी प्यायलो, आणि पोहायला शिकून त्यांच्या दारात उभा राहिलो.

त्यांनी मला होडीत बसवलं नाही. घरातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि हातात वल्हं म्हणून लांब दांड्याचा झाडू दिला. "हं, मार. खांद्यानं नाही, पाठीनं. कंबर वळव. ऑफिसच्या चेअरवर मागच्या माणसाशी बोलतोस ना, तसं." मी अर्धा तास हवा वल्हवत होतो आणि माझी बायको वासंती दारात उभी राहून पदराआड हसत होती. तंबूचं शिक्षण त्यांच्याच तंबूवर, पार्किंगमध्ये झालं. आमच्या पहिल्या मुक्कामाचं सामान बघायला ते खाली आले, तेव्हा गाडीच्या डिकीत दोन गाद्या, प्रेशर कुकर, पोळपाट-लाटणं आणि छत्री होती. "लग्नाला चाललायस की कॅम्पिंगला?" असं म्हणून त्यांनी निम्मं सामान बाहेर काढलं आणि त्या जागी पाण्याचे तीन कॅन ठेवले. पोळपाट मात्र वासंतीने सोडला नाही.

शिकवायचे सगळं, पण स्वतः कधीच पाण्यात उतरायचे नाहीत. गुडघा दुखतो म्हणून, असं लोक म्हणत. मी एकदा सरळच विचारलं.

"गुडघ्याला काय झालंय? होडीत बसूनच तर जायचं असतं," ते म्हणाले. "माझी बायको, मार्था, होती तेव्हा ती बसायची फोनपाशी. पाच वर्षं झाली तिला जाऊन. आता माझी चिठ्ठी कोण ठेवणार? घरी वाट बघणारं कोणी नसेल तर पाण्यात जायचं नाही."

"मी बसतो की."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "बघू. इन्शाल्ला."

मला ते लागलं, कारण त्यांना पाण्यावर जायचं होतं हे कोणालाही कळलं असतं. जायचंच नसेल तर कोणी दर आठवड्याला होडी पुसत नाही. मी ठरवलं की या माणसाला एकदा तरी खाडीत पाठवायचं. आणि मग मीच ते बिघडवून ठेवलं.

मार्चमधली गोष्ट. वासंती, चार वर्षांची आमची सई आणि मी दिब्ब्याच्या किनाऱ्यावर मुक्कामाला निघालो. चिठ्ठीवर लिहिलं: दिब्बा, परत शुक्रवारी दुपारी बारा. पेट्रोल पंपावर ऑफिसमधला एकजण भेटला. म्हणाला, दिब्ब्याला काय गर्दीत जाता, उम अल कुवेनच्या पुढे रिकामा किनारा आहे, मासे हातात येतात. मी गाडी वळवली. वासंती म्हणाली, "काकांना फोन करून सांगा." मी म्हटलं, "कशाला? वेळ तीच आहे ना."

मासा एकही मिळाला नाही. सकाळी परत निघताना रस्ता जवळ पडावा म्हणून मी मिठाच्या सपाट जमिनीवरून गाडी घातली. वरून ती फरशीसारखी टणक दिसते, खाली चिखल. गाडी पोटापर्यंत रुतली. गाडी घेऊन कोणी त्या बाजूला फिरकेना. पाण्याचे कॅन होते म्हणून सई निभावली. दुपारी तीनला एक म्हातारा अरब पिकअप घेऊन आला, त्याने दोरी बांधून आम्हाला ओढून काढलं आणि माझ्याकडे बघून फक्त मान हलवली.

पाच वाजता घरी पोचलो तर काकांच्या दाराला कुलूप. बिल्डिंगचा नातूर, म्हणजे वॉचमन, म्हणाला, "अंकल एक बजे गया. पानी लेके. दिब्बा."

ते आले तेव्हा दिवे लागले होते. भिंतीला धरून जिना चढत होते. शर्टावर मीठ सुकलेलं, गुडघा सुजलेला. दिब्ब्याचा अख्खा किनारा आणि मागचा ओढा त्यांनी आमची नावं घेत पालथा घातला होता. कोळ्यांना विचारलं, पोलिसांनाही तिथंच फिरवलं. आम्हाला जिन्यात बघून ते पायरीवर बसले. सईचं डोकं त्यांनी दोन्ही हातांत धरलं.

"जेवलात?" त्यांनी विचारलं. मग माझ्याकडे वळले. "चिठ्ठी खोटी असेल तर नसलेली बरी रे. नसती तर मी सगळीकडे शोधायला लावलं असतं. होती, म्हणून एकाच जागी शोधत राहिलो."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मला त्या दिवशी वाटली तेवढी लाज पुन्हा कधी वाटली नाही. त्यांच्यासाठी फोनपाशी बसण्याची गोष्ट तर आता काढायचीही सोय नव्हती.

वाटलं, आता तंबूही मिळायचा नाही. पण पुढच्या गुरुवारी काकाच लंगडत आमच्या दारात आले, हातात कोरी चिठ्ठी. "कुठे जाणार?" मी म्हटलं, "कुठेच नाही." ते म्हणाले, "तसं नाही चालणार. चुकलास म्हणून घरात बसलास तर मी शिकवलं काय?" आम्ही गेलो. त्यानंतर वाटेत चहाला थांबलो तरी मी फोन करायचो. "हबीबी, आता साखर किती घातली ते पण सांग," असं म्हणून ते फोन ठेवायचे. काही वर्षांनी मी पुन्हा धीर करून म्हटलं, "काका, तुम्ही जा. मी बसतो." उत्तर तेच: बघू, इन्शाल्ला.

काकांची साठी झाली, व्हिसा संपत आला. वसईला कायमचं परतायचं ठरलं. सामान बांधून झालं होतं. जायच्या आधीच्या गुरुवारी, मास आटोपून, त्यांनी आमची बेल वाजवली. हातात चिठ्ठी होती. मी सवयीने पेन शोधायला लागलो.

"लिहिलेली आहे," ते म्हणाले.

मी वाचली. इनास. उम अल कुवेन, खारफुटीची खाडी. परत दुपारी एक. मी ती दोनदा वाचली.

"कुणाकडे तरी द्यायची, तर म्हटलं तुझ्याकडे," काका म्हणाले. "चुकलेला माणूस लक्ष ठेवतो."

शुक्रवारी सातपासून मी फोनपाशी. डिसेंबरची थंड, निवांत सकाळ होती, घाबरण्यासारखं काही नव्हतं. तरी वासंतीने आणलेले पोहे मी खाल्ले नाहीत. अंघोळ राहिली. वारा सुटलाय का ते बघायला चारदा बाल्कनीत गेलो. अकरा वर्षांच्या सईला मैत्रिणीला फोन करायचा होता. "बाबा, ओन्ली टू मिनिट्स." मी नाही म्हणालो, आणि इतक्या जोरात म्हणालो की ती बघतच राहिली. दर शुक्रवारी त्या खुर्चीत बसून काका काय करत होते, ते मला त्या दिवशी कळलं.

सव्वाबाराला फोन वाजला.

"आलो." काका खाडीजवळच्या ग्रोसरीबाहेरून, कार्डाच्या फोनवरून बोलत होते.

"इतक्या लवकर? पाणी कमी होतं का?"

"पाणी भरपूर. फ्लेमिंगो आहेत रे, शंभर तरी असतील. अगदी जवळून गेलो, उडाले नाहीत. पण म्हटलं, तू बसला असशील. अंघोळसुद्धा केली नसशील."

मी अंगातल्या पायजम्याकडे बघितलं. "काका, चिठ्ठीवर एक वाजेपर्यंत लिहिलंय. पाऊण तास अजून तुमचा आहे. परत जा. मी इथंच आहे."

पलीकडे रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत होत्या.

"दीड करू?" काकांनी विचारलं.

"करा."

मी चिठ्ठीवरचा एक खोडला, दीड लिहिलं आणि सईला सांगितलं की फोन दीडनंतर मिळेल.