डाव्या बाजूला स्लायडर, उजव्या बाजूला सासूबाई

माझी झोप उडाली होती आणि त्याचं कारण ऐकून तुमच्या तोंडातला चहा नाकातून येईल, म्हणून आधी तो घोट गिळा. गिळला? तर कारण होतं गाडीचं पायदान.

हसा, हसा. माझा नवराही हसला होता.

झालं असं, की या नवऱ्याने, म्हणजे प्रफुलने, एक जुनी जीप घेतली. चारही चाकं ओढणारी, मळकट पांढरी आणि उंच. इतकी उंच, की पहिल्या दिवशी मी आत चढले तेव्हा शेजारच्या घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर वाचता आलं. आमचं शेत दारव्ह्याच्या पुढे, आर्णी रोडपासून आत आहे. मधे एक नाला लागतो आणि त्यात असे गोटे आहेत की बैलसुद्धा थांबून, विचार करून पाय टाकतो. जीप त्या नाल्यासाठी.

पण आमची रेवा पाच वर्षांची. मागच्या पावसाळ्यात ती चढताना घसरली आणि हनुवटीला दोन टाके पडले. टाके निघाले, भीती काही निघाली नाही. गाडीजवळ आली की पोरगी थिजून उभी राहायची. कडेवर उचलून आत ठेवायची, कडेवर घेऊनच बाहेर काढायची. आता पाच वर्षांचं पोर कडेवर कुठवर घेणार? उद्या कॉलेजला सोडायला गेले तरी ही माझ्या कडेवरच, असं मला दिसायला लागलं.

सासूबाईंचं मत वेगळंच होतं. "गाडी उंच नाई वं मीनल. तुयं तोंड उंच हाये. पोट्टीनं पाय उचलला का तू ओरडते, जपून! जपून! थे दचकते मंग."

छे! मी कुठे ओरडते? मी फक्त सूचना देते. सतत.

असो. मी एम.एस्सी. झालेली बाई. मी ठरवलं, या प्रश्नाचा अभ्यास करायचा. आणि सांगायला संकोच वाटतो, पण खरं सांगते, काय अभ्यास केला हो मी! मोबाईलवर काळे चष्मे घातलेले दाढीवाले बाप्ये वाळवंटात गाड्या उडवत होते आणि मी इकडे तुरीच्या शेंगा सोलत त्यांचं ऐकत होते. महिनाभरात मला सगळं पाठ झालं.

तुम्हालाही सांगते, कामी येईल. साईड स्टेप म्हणजे दाराखाली असलेली रुंद, सपाट पट्टी. पाय ठेवायला झकास. पण खाली लोंबते, त्यामुळे दगडाची पहिली भेट तिच्याशीच होते. रॉक स्लायडर म्हणजे चेसीला पक्का जोडलेला जाड पाईप, गाडीच्या अंगाला चिकटून, वर. गाडी दगडावर टेकली तर त्या पाईपवरून घसरून पुढे जाते आणि पत्रा शाबूत राहतो. पण त्यावर पाय ठेवून चढायचं तर माणूस बकरीच्या जातीचा हवा.

मला स्टेप हवी होती आणि प्रफुलला स्लायडर.

"मीनल, गाडी नाल्यातून न्यायची आहे का वरातीत?"

"आणि पोरगी?"

"चढंल ना पोरगी."

"कशी? उडून?"

मी रेवाच्या गुडघ्याची उंची मोजली. देवघरातला चौरंग काढून, त्यावर पाट ठेवून, तिच्याकडून सराव करून घ्यायला लागले. चौरंगावर ती उड्या मारत चढायची. जीपपुढे आणली की पुन्हा थिजलेली. सासूबाई म्हणाल्या, "देव फरशीवर बसले तुयाच्या पायी, अन् पोट्टी तं अजून खालीच हाये."

शेवटी आम्ही सगळ्यांनी, सासूबाई आणि रेवासकट, दारव्ह्याला गाठलं असलमभाईंना. त्यांचं वेल्डिंगचं दुकान आर्णी रोडलाच आहे. आमची वादावादी त्यांनी दोन मिनिटं ऐकली आणि हात वर केले.

"ऐसा करू भाभी. नाल्यात दगड डावीकडून लागते म्हणता ना? तं डावीकडं स्लायडर लावतो, उजवीकडं स्टेप. चढून-उतरून पाहा सगळे. जे पसंत पडंल थे दोन्हीकडं लावू. मंग राहिलेलं भांडण घरी करा."

मला हे फार आवडलं. याला म्हणतात प्रयोग!

नटबोल्ट कसून झाले. असलमभाई जेवायला गेले. प्रफुलने जीप काढून थोडी पुढे, रस्त्याच्या कडेला निंबाच्या सावलीत लावली आणि "चहा अन् आलूबोंडे घेऊन येतो" म्हणून तो गर्दीत दिसेनासा झाला. त्या दिवशी बाजार होता हे माझ्या लक्षात होतं. त्या निंबाखाली रोज कोणत्या गाड्या उभ्या राहतात, हे मात्र एम.एस्सी.ला नव्हतं.

मी कामाला लागले. पहिला नंबर सासूबाईंचा. "आई, या उजव्या बाजूने. पाय ठेवा. दांडी धरा. हां, आता आत सरका!" सासूबाई वांग्यांची पिशवी सांभाळत चढल्या.

"कसं वाटलं?"

"मस्त."

"आता उतरा. त्या बाजूने चढून पाहा."

"बसली ना मी! एकडाव चढली, आता घरीच उतरीन."

प्रयोगाला माणूस कमी पडला. रेवा निंबाच्या खोडाला पाठ लावून उभी. "मी नाही," तिने मी विचारायच्या आतच सांगून टाकलं.

तेवढ्यात एक आजीबाई समोर आल्या. हातातल्या पिशवीतून कोंबडीचं मुंडकं बाहेर. गाडीकडे पाहत म्हणाल्या, "चढू का वं बाई?"

मी विरघळले. बाजारातली एक अनोळखी म्हातारी माझ्या अडचणीत मदत करते म्हणते! "चढा ना आजी! याच बाजूने चढा. पाय कसा बसतो ते सांगा फक्त."

आजी कोंबडीसकट चढल्या आणि सासूबाईंना चिकटून बसल्या. "पाय तं लय मस्त बसते."

मग त्यांनी पदराची गाठ सोडली, एक नोट काढली आणि माझ्यापुढे धरली. माझी नजर रेवाकडे गेली. पहिल्यांदा भेटलेल्या लेकराच्या हातावर काहीतरी ठेवायचं, ही आपल्याकडची रीत. मला भरूनच आलं. "अहो नको आजी, कशाला! राहू द्या!"

"घे ना वं."

"नाही म्हणजे नाही. तुम्ही चढलात यातच सगळं आलं."

आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या आणि बाजाराच्या दिशेने ओरडल्या, "वं शांते! पय लवकर! हे बाई पैसे नाई घेत!"

मला वाटलं, माझ्या संस्कारांचं कौतुक चाललंय. मी पदर नसताना पदर सारखा केला.

शांता आली. शांताची जाऊ आली. दोन कॉलेजच्या मुली आल्या. एक काका सरकीच्या ढेपेचं पोतं खांद्यावर घेऊन आले. आणि मी काय केलं असेल? मी त्यांना शिस्त लावली! बायकांनी उजवीकडून, म्हणजे स्टेपवरून. पुरुषांनी डावीकडून, स्लायडरवरून. दोन्हीचा अनुभव वेगवेगळा कळायला हवा ना?

"काका, पोत्यासकट चढा! ओझ्यासकटच बघायचं आहे मला!"

काका पोत्यासकट चढले. पाईप तसूभर हलला नाही. मी टाळ्या वाजवल्या. आता असं स्वागत त्यांचं आजवर कोणत्या गाडीत झालं असेल? ते शेजारच्याला म्हणाले, "बाई शिस्तीची हाये. अशी सर्व्हिस पाह्यजे बापा."

"बाई, टाईम किती लागंल?" मागून कोणीतरी विचारलं.

"ते तुमच्यावर आहे! जितके जास्त लोक चढतील तितकं बरं!"

"थे तं सगळेच म्हणते," तो कंटाळून म्हणाला आणि पाय पसरून बसला.

तुम्ही म्हणाल, अगं बाई, एव्हाना तरी तुझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण अहो, मी अभिमानाने इतकी फुगले होते, की प्रकाश शिरायला फटच नव्हती! मनात म्हणत होते, बघ प्रफुल, तू म्हणायचास की एका पायदानाचा एवढा कशाला बाऊ. आख्खं दारव्हा आलंय माझ्या मदतीला!

तेवढ्यात एक माणूस तणतणत आला. गळ्यात रुमाल, बोटात किल्ली. "ओ मॅडम! नंबर माझा हाये!"

"या ना, तुम्हीही चढा. पुरुष डावीकडून."

"मी कायले चढू? सकाळपासून लाईनीत उभा हाये मी! तुमी मधातच येऊन शिटा भरून राह्यल्या, अन् थेही फुकट! धंदा बुडवता का गरिबाचा?"

"शिटा? कसल्या शिटा?"

"आर्णीच्या!"

मी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या मागे उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं. मळकट पांढरी जीप, काचेवर 'आर्णी' लिहिलेली. तिच्यामागे आणखी एक, मळकट पांढरी. मग आमच्या जीपमधे पाहिलं. किती माणसं होती, ते मोजायची हिंमत झाली नाही. एवढंच सांगते, कोंबडी आता सासूबाईंच्या मांडीवर होती.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना? माझ्या पायाखालची सरकली, आणि तिथे ना स्टेप होती, ना स्लायडर.

"अहो, ऐका ना सगळे," मी गाडीत तोंड घालून म्हणाले, "ही गाडी... म्हणजे ही आमची घरची गाडी आहे. आम्ही फक्त पायदान बघत होतो."

आतून आजीबाई म्हणाल्या, "पाह्यलं ना पायदान? चांगलं हाये. आता चाल."

"पण आजी, उतरावं लागेल हो."

"तूच तं म्हणे, चढा चढा! कोंबडीसुद्धा बसली. बसल्या माणसाले कोणी उतरवते का वं?"

आणि सासूबाई? त्यांनी तरी माझी बाजू घ्यावी की नाही? त्या पिशवीने वारा घेत म्हणाल्या, "मीनल, प्रफुलले बलाव. गरम होऊन राह्यलं आमाले."

आमाले! अर्ध्या तासात पक्ष बदलला!

प्रफुल आला. एका हातात चहाचे दोन ग्लास चिमटीत धरलेले, दुसऱ्या हातात आलूबोंड्यांचा पुडा. त्याने गाडी पाहिली. मला पाहिलं. पुन्हा गाडी पाहिली. मी त्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं आणि तो जो हसायला लागला, तो निंबाला धरून हसला. मग त्याने चहाचे दोन्ही ग्लास माझ्या दोन हातांत दिले, आलूबोंड्यांचा पुडा किल्लीवाल्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "भाऊ, आम्ही त्याच रस्त्यानं चाललो. एवढ्यांना सोडतो. आता याच्यापुढची सगळी गर्दी तुमची. आमची चूक झाली."

किल्लीवाल्याने एक आलूबोंडा चाखला आणि तो मऊ पडला. इतका, की धावत येणाऱ्या एका माणसाला त्याने स्वतःच अडवलं. "हे भरली भाऊ. मांगच्या गाडीनं या."

आता पुढची एकच जागा रिकामी होती. ड्रायव्हरशेजारची, खिडकीची. रेवाची. तिला उचलून तिथे ठेवायचं की झालं. पण माझ्या दोन्ही हातांत उकळता चहा! ठेवायचे कुठे ग्लास?

तेवढ्यात ढेपवाले काका मागून म्हणाले, "पोतं समोर ठेवतो जरा. इथं पाय आखडते." आणि त्यांनी पोतं मागच्या सीटवरून पुढे ढकललं.

"ए! ती माझी जागा आहे!"

हा आवाज कोणाचा, हे मला लगेच कळलंच नाही. खोडाला चिकटलेली पोरगी सुटली ती थेट गाडीच्या डाव्या दाराशी. डाव्या! जिथे तो बकरीच्या जातीचा पाईप होता! माझ्या तोंडाशी "जपून" आलं, त्याच क्षणी गरम चहा अंगठ्यावर सांडला आणि जपूनच्या जागी नुसतं "स्स्स" बाहेर पडलं.

तिने एक पाय पाईपवर ठेवला. एक हात दाराला, एक सीटला. गुडघा टेकवला. आणि वर! काकांचं पोतं दोन्ही हातांनी मागे ढकलून ती आपल्या जागेवर बसलीसुद्धा.

ना पाट, ना चौरंग, ना महिनाभराचा अभ्यास. अहो, मला ना, तिथल्या तिथे त्या चहाच्या ग्लासांसकट नाचावंसं वाटलं. माझी पोरगी! स्वतः चढली! आईच्या कडेवर न बसता!

असलमभाईंकडून दोन्ही बाजूंना स्लायडर बसले ते दुसऱ्या दिवशी, आणि त्यावर मी चकार शब्द काढला नाही. पण तेव्हा मात्र मी डोळे पुसत, म्हणजे खांद्याला पुसत, कारण हात अडकलेले, दाराशी गेले. प्रफुलने गाडी सुरू केली होती.

"रेवा, शाब्बास गं माझी राणी! सरक बरं थोडी, मी येते."

रेवाने मागे वळून खच्चून भरलेली गाडी पाहिली. आजींना पाहिलं, काकांना पाहिलं, कोंबडीला पाहिलं. मग तिने खिडकीतून हात बाहेर काढला, दारावर दोनदा थापटलं आणि म्हणाली,

"गाडी भरली, मॅडम. तुम्ही मांगच्या गाडीनं या."