मंगळसूत्रातली पिन

सांवेर रोडच्या कारखान्यात फाटकावर बायकांची झडती घेणे हे माझे काम. म्हणून तुकोगंजमध्ये बुद्धिबळाची मोठी स्पर्धा झाली तेव्हा खेळाडू मुलींना तपासायला मलाच पाठवले. मला बुद्धिबळ येत नाही याचा पंचांना फार आनंद झाला.

"बढिया! या तरी कुणाला चाल सांगणार नाहीत."

आजकाल लोक कानात, बुटात मशीन लपवतात आणि कॉम्प्युटरला विचारून खेळतात, असे त्यांनी समजावले. म्हणून खेळाडूला काही द्यायचे नाही, त्याच्याकडून काही घ्यायचे नाही. मी मान हलवली. मला तेवढेच जमते.

तिसऱ्या दिवशी एका नामी मास्टरसमोर खेळणारी मुलगी बाथरूमकडे आली. कुर्त्याची पाठीवरची चेन उसवली होती.

"काकू, पिन आहे का?"

बाईने बाईकडे पिन मागितली की नियम कुणाला आठवतो? माझ्या मंगळसूत्राला चार पिना असतात. त्यातली एक मीच लावून दिली. खेळता खेळता ती दोनदा सुटली, दोनदा मुलगी परत आली, मी पुन्हा लावली.

मुलगी जिंकली. मास्टर हात न मिळवताच उठले. सकाळी खिलाडूपणावर भाषण त्यांचेच झाले होते. टाळ्या मीही वाजवल्या होत्या.

"तीन वेळा बाथरूमला गेली ही! चेक करा," ते पंचांना म्हणाले.

तपासायचे मशीन माझ्याच हातात दिले. तिच्या पाठीशी नेताच ते वाजले.

मुलीचा चेहरा उतरला. आता तिचा डाव जाणार आणि नावही. तरी पिन कुणाची ते ती सांगेना. माझे काम जाईल हे तिला कळले असावे. इतक्या पुरुषांसमोर उसवलेल्या चेनची गोष्ट काढायची मला लाज वाटत होती. पण शेवटी बोलले.

"पिन आहे. माझी. मीच लावली."

"काही द्यायचं नाही म्हटलं होतं ना?"

"हो जी."

"पिनमध्येसुद्धा काय काय बसवतात आजकाल," मास्टर म्हणाले.

मग तिघा जाणकारांनी पिन उघडून, मिटून, उजेडात धरून पाहिली. टोचल्यावर एकाला खात्री पटली. डाव मुलीचाच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून माझीही तपासणी ठरली. दुसरी बाई नव्हती, म्हणून मशीन मीच माझ्यावरून फिरवले. उरलेल्या तीन पिनांवर ते वाजले.

"ठीक आहे," पंच म्हणाले.

ती मुलगी समोरून गेली. काही द्यायचे-घ्यायचे नव्हते, म्हणून नुसती हसली.