बिब्याचा डाग

कुठे बिबा तापवल्याचा जळकट वास आला, की मला सत्तर सालच्या आसपासची नागपुरातली ओपीडी आठवते. मी नवाच डॉक्टर. खिडकीवर ओले वाळ्याचे पडदे, तरी अंगाची काहिली होत होती. समोरच्या शेतकरणीने टाच दाखवली. टाचेवर रुपयाएवढा काळा डाग. “काटा रुतला होता जी, म्हणून बिबा लावला. पण डाग वाढूनच राहिला.” मला हसूच आलं. बिब्याचा डाग माझ्या आईच्या टाचेवरही होता. “बिब्याचाच आहे,” म्हणत मलम देऊन मी त्या बाईला पाठवलं. दिवाळीनंतर ती आली ती जांघेत लिंबाएवढी गाठ घेऊन. डाग कातडीच्या कॅन्सरचा होता, आणि तो आता जांघेपर्यंत पसरला होता. “तुम्हीच म्हटलं ना जी, बिब्याचाच होय म्हणून? मंग हे काहून झालं?” ती रागावली नव्हती, खरंच विचारत होती. पुढे माझं सगळं आयुष्य त्याच कॅन्सरच्या संशोधनात गेलं. शरीरातल्या रक्षक पेशी त्या गाठीला का सोडून देतात, असं विद्यार्थी विचारतात. मी सांगतो, त्यांना ती घरचीच वाटते. आणि फळ्याकडे वळतो, कारण तेव्हा मला आईची टाच दिसत असते.