काविळीच्या साथीत मिळालेली खोली

देवीवरचा माझा विश्वास कधी डळमळला नाही असं मी म्हणाले तर ते खोटं होईल. ऐंशी सालच्या आसपास नाशकात काविळीची मोठी साथ आली होती. त्या पावसाळ्यात काही दिवस मी देवघरात दिवासुद्धा लावला नाही. रागावून नव्हे. हात जोडायला बसले की मनात काही येतच नसे, आणि नुसतं हात जोडून बसणं मला ढोंग वाटू लागलं होतं.

आम्ही तेव्हा पंचवटीत दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. आमचे हे सातपूरला एका कारखान्यात फिटर होते. त्या कारखान्याला टाळं लागलं. आज उघडेल, उद्या उघडेल, असं करता करता उन्हाळा गेला. शेवटी ओळखीच्या एका जीपवाल्याने यांना सुरगाण्याला बोलावलं. तिकडच्या डोंगरातल्या रस्त्यांनी जीपा सारख्या मोडत, आणि दुरुस्तीला जाणता माणूस नव्हता. घरी राहिलो आम्ही तिघी: मी, सासूबाई आणि पाच वर्षांची मंगल. सासूबाई मूळच्या नांदगावकडच्या. वणीची सप्तशृंगी आमची कुलदेवी, आणि सासूबाईंचा दिवस तिच्या नावानेच उजाडायचा.

साथ आमच्या आळीत शिरली तेव्हा पाणी गढूळ येत होतं. घरटी कुणीतरी आजारी होतं. एके सकाळी मंगलचे डोळे मला हळदीसारखे पिवळे दिसले. त्याच संध्याकाळी घरमालक दारात आले. आम्ही त्यांना काका म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. खाली मान घालून म्हणाले, "माझी सून पोटुशी आहे. डॉक्टर म्हणतात, बाळंतपणाच्या आधी कावीळ झाली तर जिवावर बेतते. तुम्ही दुसरीकडं सोय बघा. मला दुसरं काही सुचत नाही." मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं, याचा विचार मी त्या दिवसांत अनेकदा केला. राग धरायलाही जागा नव्हती.

खोली शोधायला मी पायपीट केली. लोक भाडं सांगायच्या आधी विचारायचे, "घरात कुणी आजारी नाही ना?" मी खरं सांगायची, आणि तिथेच बोलणं संपायचं. सासूबाई म्हणाल्या, "सांगू नको ना. एकदा आत गेलो की कोण काढतंय." मला ते पटत नव्हतं, पण पुढच्या दारात मी खोटं बोलणार होते. मनात वाक्यही जुळवून ठेवलं होतं.

पण आधी मंगलला सरकारी दवाखान्यात दाखवायचं होतं. रांग फाटकापर्यंत आली होती. मंगलला सासूबाईंनी कडेवर घेतलं होतं, तिला उभंही राहवत नव्हतं. रांगेतच तिला उलटी झाली. माणसं पटकन बाजूला सरकली. आमच्या पुढची बाई मात्र वळली, आपल्या पदराने तिने मंगलचं तोंड पुसलं आणि स्वतःच्या पिशवीतल्या बाटलीतलं पाणी तिला घोटभर पाजलं. "उकळलेलं आहे," ती म्हणाली. साधी सुती साडी, चाळिशीचं वय. गायकवाड बाई. नगरपालिकेच्या शाळेत शिकवायच्या. त्यांना स्वतःला कावीळ होऊन गेली होती आणि रक्त तपासायला त्या आल्या होत्या. रांग पुढे सरकेना, तेव्हा बोलता बोलता मी त्यांना सगळं सांगून टाकलं. का सांगितलं, कोण जाणे. आठवडाभर कुणाशी मनातलं बोलले नव्हते.

त्यांनी ऐकून घेतलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझ्याकडं मागची खोली रिकामी आहे. नाशिकरोडला. पत्र्याची आहे, ऊन पडलं की तापते. घरात मी एकटीच, आणि मला कावीळ होऊन गेली, तेव्हा माझी काळजी नको." मग म्हणाल्या, "आम्ही बौद्ध आहोत. आधी सांगितलेलं बरं. मागाहून तुमच्या घरात कुरकुर नको."

मी सासूबाईंकडे बघितलं. ज्या गावात त्यांचा जन्म गेला तिथे पाणवठे वेगळे होते, हे मला माहीत होतं. त्या मंगलच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग बाईंना विचारलं, "पाणी कवा येतं तुमच्याकडं?"

"सकाळी. मी उकळून ठेवते."

"मंग बरं हाय," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही हातगाडीवर सामान घालून तिकडे गेलो. बाईंच्या पुढच्या खोलीत बुद्धांची छोटी मूर्ती होती, तिच्यापुढे ताजी फुलं. सासूबाईंनी देवीचा चांदीचा टाक फडक्यात गुंडाळून पोटाशी धरला होता. कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. बाईंनी मागच्या खोलीतला कोनाडा ओल्या फडक्याने पुसून दिला आणि त्या शाळेत निघून गेल्या. पहिले दोन दिवस सासूबाई बाईंच्या घरचं काही खात नव्हत्या. तिसऱ्या दिवशी बाईंनी मंगलसाठी मऊ भात टाकला, तिला भरवला, आणि उरलेला सासूबाईंपुढे ठेवला. त्यांनी मुकाट्याने खाल्ला.

मंगल मात्र सुधारत नव्हती. सासूबाईंच्या हट्टाखातर गळ्यात काविळीची माळ घातली, डॉक्टरांचं औषधही चालू होतं. एके दुपारी ती झोपेतून उठेचना. हाका मारल्या की नुसती कण्हायची. बाई शाळेतून आल्या होत्या. त्यांनी रिक्षा आणली. दवाखान्यात खाट नव्हती. व्हरांड्यात गादी टाकून तिला सलाइन लावलं. डॉक्टर तरुण होते, दमलेले होते. म्हणाले, "यकृताला सूज आहे. आम्ही करतोय ते करतोय. उद्यापर्यंत कळेल." यांना निरोप धाडला होता, पण पावसाने घाटात रस्ता खचला होता.

त्या संध्याकाळबद्दल मला जपून लिहायचं आहे. मी पोरीच्या उशाशी बसले होते. जे जे नवस मला बोलता येत होते ते सगळे मी बोलून बसले होते. खणानारळाची ओटी, अनवाणी गड चढणं, वर्षभराचे मंगळवार. आता देण्यासारखं काही उरलं नव्हतं. पायाशी सासूबाई देवीचं नाव घेत होत्या. त्यांच्या शेजारी गायकवाड बाई बसल्या. त्यांची रोजच्या वंदनेची वेळ झाली होती. त्यांनी डोळे मिटले आणि हलक्या आवाजात पाली गाथा म्हणायला सुरुवात केली. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता. दोघींचे आवाज एकमेकांत मिसळत होते, आणि ऐकता ऐकता माझ्या छातीतली ओढाताण एकाएकी थांबली. मी देवीला 'वाचव' म्हणाले नाही. 'ने' असंही म्हणाले नाही. मनात एवढंच आलं की ही पोर माझ्या आधी तुझी आहे. बस. त्यानंतर मला भीती वाटली नाही. काहीतरी फार मोठं माझ्या पाठीशी बसलं आहे आणि मी त्याला टेकले आहे, असं वाटलं. हा भास असेल. मी दमलेली होते, उपाशी होते. पण तसा आधार मला त्याआधी कधी वाटला नव्हता, आणि टेकल्या टेकल्या मला झोप लागली.

जागी झाले ती आवाजाने. उजाडलं होतं. मंगल कुरकुरत होती, "आजी, तुझा हात काढ ना. जड आहे." सासूबाईंनी हात काढला आणि तोंडाला पदर लावून त्या भिंतीकडे वळल्या.

हे दोन दिवसांनी पोचले, गुडघ्यापर्यंत चिखल. लेकीचा हात हातात घेऊन तिच्या उशाशी बसले. त्यानंतर सगळं एकदम सुरळीत झालं असं नाही. मंगलला हिंडूफिरू लागायला दिवाळी उजाडली. कारखाना पुढच्या उन्हाळ्यात उघडला. तोवर यांनी नाशिकरोडला एका गॅरेजात काम केलं. घरमालकांच्या सुनेचं बाळंतपण सुखरूप झालं. काका स्वतः बारशाचं बोलावणं घेऊन आले, तेव्हा मी गेले आणि पाळणाही म्हटला. बाईंच्या त्या पत्र्याच्या खोलीत आम्ही पुढे कित्येक वर्षं राहिलो.

चैत्रात आम्ही गडावर गेलो. सासूबाईंनी आग्रह केला म्हणून बाईही आल्या. नांदुरीच्या वाटेवर एसटीतच त्यांनी सांगून टाकलं, "मी तुमच्यासोबत येतेय, देवाला नाही." पायऱ्या मात्र त्या मंगलचं बोट धरून सगळ्या चढल्या, आणि गाभाऱ्याबाहेर आमच्या चपला सांभाळत बसल्या. एरवी सासूबाईंचं मागणं संपायचं नाही; मागचे लोक ढकलू लागायचे. त्या दिवशी त्या नुसत्या उभ्या राहिल्या आणि मागे फिरल्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, "आई, काही मागितलं नाहीत?"

"काय मागू?" त्या म्हणाल्या. "मागायच्या आधीच तिनं या बाईला धाडलं."

बाईंनी ते ऐकलं. हसल्या, आणि मंगलच्या पायात चप्पल सरकवत म्हणाल्या, "मला कुणी धाडलं नाही, आजी. पोर ओकताना दिसली, म्हणून मी वळले."

दोघीही आता नाहीत. त्यांच्यातलं कोण बरोबर, हे इतक्या वर्षांत मी ठरवलेलं नाही, आणि ठरवावंसं वाटतही नाही. देवघरात बसले की मी आता काही मागत नाही. दोघींची नावं घेते, जे येईल ते तुझं म्हणते, आणि कामाला लागते.