धुऱ्यावर वाचलेली मंजिरी

वरठीच्या स्टेशनावर पुण्याची गाडी लागली, तेव्हा आईनं लाखोरीच्या डाळीची पिशवी बर्थखाली ढकलली. बाबा म्हणाले, "आमी जनमभर वाकून काम केलं. तू ताठ राहाजो." सुनंदा अंगात कणकण असूनही आली होती. खिडकीच्या गजांतून माझा हात धरून म्हणाली, "तिकडं कादंबरीतल्यासारखा पोरगा भेटला, तर मले बी एक पाठवजो." रडायचं राहून आम्ही सगळेच हसलो, आणि गाडी सुटली.

मी करडी गावची. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. कॉलेजच्या सुट्टीत धान रोवून, भातलावणी करून, मी बीएस्सी झाले, हे कुणी विचारलं नाही तरी सांगते.

सुनंदा शेजारच्या वच्छलाकाकूची पोरगी, माझ्याच वर्गातली. तिला सिकलसेल होता, रक्ताचा आजार. थंड पाण्यात पाय गेले की हाडं ठेचल्यासारखी दुखायची, म्हणून बारावीनंतर शाळाही सुटली आणि रोवण्याचं कामही. आम्ही बाया बांधीत, धानाच्या खाचरात, गुडघाभर चिखलात, आणि ती धुऱ्यावर, म्हणजे खाचराच्या बांधावर, छत्री धरून एकटी. "नुसती बसाची लाज वाटते वो," म्हणायची. मग तिनं तालुक्याच्या वाचनालयातून कादंबऱ्या आणून आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवायला सुरुवात केली. सगळ्या एकाच घाटाच्या. कुणीतरी आजारी, एक जीवाभावाची मैत्रीण, उशाशी बसून राहणारा प्रियकर, आणि मग रडारड.

"नवरा रातभर जागून पाय चेपते? कोणत्या बजारात भेटते वो असा?" एखादी विचारायची.

"तुह्यावाला बदलून आणतं का?" दुसरी. हसताहसता धानाच्या रोपांचे परे हातातून सुटायचे.

रोवणा मागं मागं सरकत करतात. लावलेलं पुढं राहतं, माणूस मागं जातं. आमची ओळ सरकली की सुनंदाही धुऱ्यावरून तेवढीच सरकायची. मी पुण्याला जायच्या आधीच्या रोवण्यात तिनं मंजिरीची कादंबरी वाचली. मंजिरीला रक्ताचा आजार. शेवटी ती बरी होऊन दवाखान्यातून घरी येते, तेव्हा माझी आई कंबर सरळ करून म्हणाली, "वाचली बापा एकदाची!"

पुण्यात मी एका लॅबमध्ये लागले. शिफ्ट, पीजी, डबा, रविवारी कपडे. तिथल्या लायब्ररीत मला तीच कादंबरी दिसली. रूममेट म्हणाली, "असल्या रडक्या कादंबऱ्या कोण वाचतं गं?" मी म्हटलं, "आमच्याकडं चिखलात उभं राहून ऐकतात." आणि शेवटचं प्रकरण उघडलं. मंजिरी मरते. प्रियकराचा हात हातात असताना, शांतपणे मरते.

मी फोन लावला. "सुनंदा, मंजिरी तर मरते वो!"

ती म्हणाली, "मंग? समोर माझी माय रोवून राहिली होती. तिच्यासमोर कशी मारू?"

त्यानंतर आम्ही फोनवर पुष्कळ बोललो, पण मंजिरीचा विषय काढला नाही. सुनंदा गेल्याचं मला लॅबमध्ये कळलं. मी पोचले तोवर बुद्धविहारातली वंदनाही आटोपली होती.

पुढच्या रोवण्याला मी रजा टाकून घरी गेले. विकत घेतलेली मंजिरी बॅगेत होती. वच्छलाकाकूनं ती पाहिली आणि म्हणाली, "बस धुऱ्यावर. वाच." रोज थोडी थोडी वाचत शेवटच्या प्रकरणापर्यंत आले आणि पानात बोट घालून थांबले. कोणता शेवट वाचू? समोर काकू वाकलेली होती, हातात परे.

मान वर न करता ती बोलली, "मले मालूम आहे वो, ते पोरगी मरते म्हणून. सुनंदा शेवट सांगे तवा पुस्तकाकडं नाही, माझ्याकडं पाहून राहिली होती." तिनं चार परे चिखलात खोवले. "तू दोन्ही वाच. आधी पुस्तकातला. मंग माझ्या पोरीचा."

मी आधी पुस्तकातला वाचला. ओळ जागच्या जागी थांबली. पाण्यात कुणाचा पाय हलला नाही. मग पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि काकूकडं पाहत, आठवेल तसा, सुनंदाचा शेवट सांगितला. मंजिरी घरी आली. मैत्रिणीनं दार उघडलं.

"वाचली बापा," काकूच म्हणाली या खेपेला. ओळ परत मागं सरकू लागली.

गाव सोडून गेलेल्यांना आणि गावात राहिलेल्यांना, दोघांनाही हे सांगावंसं वाटलं. पुण्यात आता माझा फ्लॅट आहे, दारावर माझ्या नावाची पाटी आहे, आणि बाबांनी सांगितलं तशी मी ताठ आहे. तिथल्या कपाटातल्या पुस्तकात मंजिरी दर वेळी मरते. करडीत ती अजून जिवंत आहे. कुणी घर कुठलं विचारलं, की मी करडी सांगते.